ज्वालामुखीची वाईन, किराण्याच्या मनुका

आमच्या चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांना परदेशाचं वारं लागलं नसतं, तर मी या जन्मात वायनरीची पायरी चढले नसते. साहेब बँकेतून निवृत्त झाले, मुलाकडे जाऊन राहिले, आणि परत आले ते तिथल्या चर्चच्या गप्पा घेऊनच. तिथं प्रभुभोजनाला खरी वाईन देतात म्हणे. झालं! त्या दिवसापासून आमचा रस त्यांच्या घशाखाली उतरेना.

"सिस्टर, राग मानू नका," एका रविवारी चर्चच्या पायरीवर चारचौघांत ते मला म्हणाले, "पण आपलं हे मनुकांचं पाणी जरा दवाखान्यातल्यासारखं लागतं."

राग मानू नका म्हणणारा माणूस पुढं राग येईल असंच काहीतरी बोलणार, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी चर्चची मंडळी मला सिस्टरच म्हणते. आणि तो दवाखान्यातल्यासारखा लागणारा रस मीच करते. माझ्याआधी माझी आई करायची. साहेब लहानपणापासून तोच पीत आलेत, डोळे मिटून, हात जोडून. तेव्हा कधी दवाखाना आठवला नाही त्यांना.

शिरूरची आमची मंडळी मिशनच्या काळापासूनची. त्या जुन्या लोकांनी दारूला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, प्रभुभोजनातसुद्धा नाही. म्हणून काळ्या मनुका. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. आदल्या दिवशी सकाळी मनुका धुऊन भिजत घालायच्या, फुगल्या की त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. चवीपुरती साखर. रविवारी तो रस बोटाएवढ्या कपांत ओतायचा, कप ट्रेमध्ये लावायचे, आणि ट्रे बाकाबाकांवरून फिरतो. आमच्यात एक रीत आहे. कप मिळाला की लगेच तोंडाला लावायचा नाही. सगळ्यांना मिळेपर्यंत हातात धरून थांबायचं. मग पाळकसाहेब म्हणतात, "घ्या," आणि सगळी मंडळी एकदम घेते. म्हातारं, पोरगं, मास्तर, झाडूवाला, सगळे एकाच वेळी.

एवढी रीत लक्षात ठेवा, कारण माझं सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

माझा धाकटा भाऊ जीप चालवतो. रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्टची माणसं नेतो-आणतो. एके काळी तो प्यायचा. कधीमधी, थोडीशी, असं काही मी म्हणत नाही, प्यायचा. त्या काळात घरात त्याचा ग्लास वेगळा होता, स्टीलचा, खिडकीत पालथा घातलेला. पोरं त्या ग्लासाला हात लावायची नाहीत. त्याची बायको तो सगळ्यात शेवटी घासायची आणि परत खिडकीतच नेऊन ठेवायची. मग तो सुटला. कसा सुटला ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. डॉक्टर, गोळ्या, देव, त्याचा स्वतःचा हट्ट, ज्याला जेवढं श्रेय हवं त्यानं तेवढं घ्यावं.

सुटल्यावर पहिल्यांदा तो प्रभुभोजनाला आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता. ट्रे आला, त्यानं कप उचलला तोच अर्धा रस शर्टावर सांडला. तरी धरून थांबला. "घ्या" म्हटल्यावर उरलेला घेतला. नंतर मी मागं कप धूत होते तिथं आला, टॉवेल उचलला आणि एकेक कप पुसायला लागला. म्हणाला, "ताई, सगळ्यांबरोबर प्यायलो." एवढंच. तेव्हापासून त्याचा एकही पहिला रविवार चुकलेला नाही, आणि कप पुसायचं काम त्याचंच आहे.

आता वाईन आली असती तर त्याचं काय झालं असतं, सांगा. अशा माणसाला एक घोटसुद्धा चालत नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, नर्स म्हणून सांगते. म्हणजे एक तर त्यानं तो कप घ्यायचा आणि पुन्हा त्या खड्ड्यात जायचं. नाहीतर अख्खी मंडळी कप धरून बसलीय आणि हा एकटा रिकाम्या हातांनी. आणि हे मला कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलता येईना. त्याचं पिणं सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्यात असलं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मी उघड बोलले असते तर माझ्या भावाला सगळ्यांसमोर नागवं केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी आपलं मिशनची रीत, पूर्वजांची शिकवण, असली भाषणं ठोकली. साहेबांनी मान तिरकी करून ऐकून घेतली आणि म्हणाले, "सिस्टर, काळाबरोबर चालायला पाहिजे."

ठरलं असं, की मंडळीच्या वर्धापनदिनाला खरी वाईन. आणि ती कुठली घ्यायची हे बघायला साहेबांनी, पाळकसाहेबांनी आणि मी वायनऱ्या बघून यायच्या. मला का, तर रसाचं खातं माझ्याकडं. "आणि गाडीचा प्रश्नच नाही," साहेब म्हणाले, "सिस्टरच्या भावाची जीप आहेच." मी कपाळाला हात लावला. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "नेतो की. मला काय, गाडीतच तर बसायचंय."

शिरूर सोडलं, न्हावरा मागं टाकलं, मांडवगण फराट्यापासून भीमा ओलांडली, की दौंडच्या अंगाला ऊस संपतो आणि माळ चढायला लागतो. उघडेबोडके डोंगर. पूर्वी तिथं मेंढरं आणि कुसळं, दुसरं काही दिसायचं नाही. आता उतारावर तारांवर चढवलेल्या द्राक्षांच्या ओळी, आणि पायथ्याला वायनऱ्यांच्या पाट्या. कमान काय, कारंजं काय! कारंजं हो, जिथं उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरमागं पळतात तिथं.

पहिली वायनरी म्हणजे निव्वळ थाट. हायवेच्या ट्रॅफिकमध्ये कुजून आलेले पुणेकर गॉगल लावून द्राक्षांच्या मध्ये उभे राहून फोटो काढत होते. एक बाई वेलीला मिठी मारून उभी होती. तिला मुंग्या चावल्या असतील तर देव पावला म्हणायचं.

आम्हाला हिंडवायला एक पोरगी आली, काळा शर्ट, छातीवर बिल्ला. बोलायला लागली की मध्येच इंग्रजी, मध्येच मराठी, आणि सगळं पाठ केलेलं. खाली वाकली, मूठभर माती उचलली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"सर, फील करा. ही व्होल्कॅनिक सॉइल आहे. लाखो वर्षांपूर्वी इथं ज्वालामुखी होता. त्या लाव्हाची चव आमच्या वाईनमध्ये उतरते."

साहेबांनी ती माती अशी न्याहाळली, जशी काय सोन्याची खाण सापडलीय. "अद्भुत," म्हणाले. मी वाकून बघितलं. मुरूम होता. साधा तांबडा मुरूम, जो आम्ही दर पावसाळ्याआधी चर्चच्या आवारात चिखल होऊ नये म्हणून टाकतो. या साहेबांनीच मागच्या वर्षी ट्रॉली आल्यावर आरडाओरडा केला होता, की बुटांना लागतोय म्हणून. तेव्हा नाही आठवला ज्वालामुखी!

मग चाखायचा कार्यक्रम. एका लांब टेबलाशी आम्हाला उभं केलं, दांडीचे ग्लास दिले, तळाशी चूळ भरायला पुरेल एवढी वाईन. पोरगी म्हणाली, आधी ग्लास फिरवा, मग नाक घाला, मग वास सांगा. साहेबांनी ग्लास असा गरागरा फिरवला की थोडी त्यांच्या बाहीवर गेली. नाक आत खुपसलं. डोळे मिटले.

"लाकूड," ते म्हणाले. "आणि... जरा चामडं?"

"एक्झॅक्टली सर!" पोरगी म्हणाली.

चामडं! अहो, चामड्याचा वास येणारी वस्तू माणूस तोंडात घालतो? आणि पुन्हा त्यासाठी गाडी करून येतो? मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय जाणवतंय?" मी म्हटलं, "आंबलंय." पोरीनं पाठ केलेलं आठवल्यासारखं वर बघितलं आणि म्हणाली, तो पण एक दृष्टिकोन आहे.

आमचे पाळकसाहेब बिचारे. वयानं लहान, स्वभावानं त्याहून लहान. साहेबांसमोर त्यांचा आवाज फुटत नाही. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात रुमाल, आणि कुणी फोन वर केला की ग्लास रुमालाखाली. त्या हॉलमध्ये प्रत्येक जण फोटोच काढत होता. शेवटी त्यांनी ग्लास खिडकीच्या पडद्यामागं ठेवला आणि तो तिथंच विसरून बाहेर आले. मी मुद्दाम आठवण केली नाही.

या सगळ्यात माझा अर्धा जीव बाहेर होता. भावानं जीप अगदी लांब, कंपाउंडच्या भिंतीला लावली होती. आत तो काचा वर करून बसला होता, दुपारच्या उन्हात. मी जवळ गेले आणि काचेवर टकटक केलं.

"शिजशील की आत!"

"वास येतो, ताई," तो म्हणाला. "इथपर्यंत येतो."

घरी चल म्हणाले असते तर त्यानं ऐकलं नसतं. मी पाण्याची बाटली दिली आणि मुकाट्यानं गाडीत बसले. साहेब अजून चामड्यातच होते. या वाईनमध्ये गांभीर्य कमी आहे, दुसरीकडं बघू, असं म्हणाले. गांभीर्य! त्याचा वास कसा असतो ते विचारायला हवं होतं.

दुसरी वायनरी आणखी वर, डोंगराच्या खांद्यावर. तिथं कमान नव्हती, कारंजं नव्हतं. पत्र्याची मोठी शेड, आत स्टीलच्या टाक्या, बाहेर लिंबाखाली खाटा आणि टेबल. मालक त्या भागातले बडे शेतकरी, कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. वाईन मुलाच्या डोक्यातून निघालेली, पण पाहुण्यांचा ताबा आप्पांकडे. ग्लास फिरवायची भानगड नाही की वास ओळखायची नाही. सरळ भरून समोर ठेवायचा आणि म्हणायचं, "घ्या, लाजू नगा." मला म्हणाले, "ताई, तुमास्नी नगं आसंल तर द्राक्षं खावा." खरं सांगते, माणूस मला आवडला, आणि त्या दिवशी मला कोणी आवडेल असं सकाळी वाटलं नव्हतं.

पण अशा माणसाचा आग्रह म्हणजे काय असतो, ते आमच्या भागात राहिलेल्यालाच कळेल. त्यांची नजर जीपकडं गेली.

"आन् ते पाव्हणं गाडीत का बसल्यात?"

"ते ड्रायव्हर आहेत," साहेब म्हणाले.

"ड्रायव्हर हाय म्हून काय झालं? माणूसच हाय न्हवं? माझ्या दारात आलेला माणूस उन्हात बसून ऱ्हातो व्हय!"

कोणाला हाक मारतील, तर नाही. स्वतः उठले, धोतराचा सोगा सावरत जीपपर्यंत गेले, दार उघडलं आणि भावाचा दंड धरून त्याला लिंबाखाली आणलं. वडीलधाऱ्या माणसाला झटकून टाकता येत नाही. भाऊ आला. आप्पांनी स्वतःच्या हातानं ग्लास भरला, काठोकाठ, आणि त्याच्या हातात दिला.

हे तुम्हाला साधं वाटेल. मला वाटलं नाही. आमच्या आज्याला अशा घरची माणसं चहा कसा द्यायची ते मी आईकडून ऐकलं होतं. आणि आज त्याच तोलाच्या घरचा म्हातारा आमच्या घरच्या माणसाला जवळ बसवून हातानं भरून देत होता. आपल्याला मान मिळायला इतका काळ गेला, आणि तो मिळाला तोही नेमका त्याच वस्तूचा, जिला माझ्या भावानं हात लावता कामा नये! मला हसावं की रडावं ते कळेना.

"गाडी चालवायची हाय, आप्पा," भाऊ म्हणाला.

"आवो, एवढ्याश्यानं काय हुतंय! ही दारू न्हाई, वाईन हाय. द्राक्षाचा रस निस्ता."

आणि तेवढ्यात आमचे सेक्रेटरीसाहेब, दुसऱ्या ग्लासानं लाल झालेले, हसत म्हणाले, "अरे घे रे! आता चर्चमध्ये हेच घ्यायचंय तुला. तेवढाच सराव."

सराव म्हणे! त्या क्षणी माझ्या हातात बेडपॅन असतं तर मी कुठं रिकामं केलं असतं ते सांगत नाही.

आप्पांनी आपला ग्लास उचलला. साहेबांनी उचलला. पाळकसाहेबांनी रुमालासकट उचलला. "चला, घ्या," आप्पा म्हणाले, आणि सगळे प्यायले. भाऊ ग्लास धरून तसाच उभा. दोन्ही हातांनी धरला होता, छातीशी. चर्चमध्ये धरतो तसाच. वाईन काठावर हलत होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका ग्लासात उभं होतं, आणि मला जागचं हलता येईना.

मग त्यानं खाली वाकून ग्लास टेबलावर ठेवला. अलगद, थेंब न सांडता.

"आप्पा, तुमच्या हातचं नाकारतोय असं मनात आणू नका," तो म्हणाला. "मी पिणारा होतो. लई पिणारा. एक घोट घेतला की मला थांबता येत न्हाई."

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, बिनसलं आता. त्यांनी तो भरलेला ग्लास उचलला आणि शेजारच्या वेलीच्या बुडाशी ओतून टाकला. मुरमानं ती वाईन क्षणात पिऊन टाकली.

"मग आधी सांगायचं की, राव!" ते ओरडले. "मी बी काय येडा, बळंच गळ्यात घालतोय तुमच्या!" आणि आत तोंड करून, "आगं, ताक आना गं कुणीतरी, चांगलं तांब्याभर!"

ताक आलं. आप्पांनी टेबलावरचे ग्लास विसळले आणि त्याच दांडीच्या ग्लासात ताक ओतून भावाला दिलं, मला दिलं, स्वतःही घेतलं. पाळकसाहेबांनीही आपली वाईन बाजूला सारून ताकाला हात पुढं केला. त्या डोंगरावर त्या दिवशी प्यायलेली हीच एक वस्तू चवीची होती. साहेबांनी मात्र ताक घेतलं नाही. त्यांना तोंडातली चव बिघडवायची नव्हती. जाताना एक बाटली पसंत करून, ती लेकरासारखी मांडीवर घेऊन ते जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले.

खाली उतरलो आणि उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर पाचट, पुढं जायला जागा नाही. मग मागच्या सीटवरून पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

"दादा," ते भावाला म्हणाले, "आपण वर्धापनदिनाला वाईन दिली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"आलो नसतो," भाऊ म्हणाला.

"आणि त्याच्या पुढच्या वेळी?"

"तवा बी न्हाई." त्यानं गिअर बदलला. "मला त्या एकाच गोष्टीसाठी यायचं असतं, पाळकसाहेब. भाषण तर तुमचं भोंग्यावर घरी बी ऐकू येतं."

पाळकसाहेब ओशाळून हसले. मला वाटलं, आता साहेबांना कळलं असेल. एवढं लख्ख बोलल्यावर दगडालासुद्धा कळलं असतं. पण साहेब वळले ते तोंडभर हसत. त्यांना उपाय सापडला होता.

"अरे, एवढंच ना! तुझ्यासाठी वेगळा कप ठेवू. सिस्टर करतील मनुकांचं थोडं. ट्रेच्या कोपऱ्यात ठेवायचा, लाल दोरा बांधून, म्हणजे कुणी चुकून उचलायला नको. तू आपला तेवढा घ्यायचा. झालं की नाही?"

भावाची मान ताठ झाली. आरशात मला त्याचे डोळे दिसले. वेगळा ग्लास म्हणजे काय ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग मीच बोलले. आता नागवं व्हायचं ते होऊन गेलं होतं, त्यानंच ते करून टाकलं होतं, मला कुणाची भीड उरली नव्हती.

"वेगळा कप?" मी म्हटलं. "साहेब, तुम्ही वेगळा कप म्हणालात?"

"सोय म्हणून म्हटलं, सिस्टर."

"सोयच होती ती पण. माझ्या आज्याची सोय. गावात चहाचं हॉटेल होतं, त्याच्या बाहेर भिंतीत एक देवळी होती. त्या देवळीत कान तुटलेला कप. आज्यानं आत पाय टाकायचा नाही. आपला कप आपणच उचलायचा, पुढं धरायचा, हॉटेलवाल्यानं वरून चहा ओतायचा, धार लांबून. पिऊन झालं की आपणच धुवायचा आणि परत देवळीत पालथा घालायचा. म्हणजे कुणी चुकून उचलायला नको. असंच ना?"

साहेब समोर ट्रॉलीकडं बघत होते.

"आणि मिशनच्या चर्चमध्ये आजा पहिल्यांदा गेला, तेव्हा हे लहान कप नव्हते. एकच मोठा प्याला, या तोंडाचा त्या तोंडाला. गोरा पाद्री प्यायला, मास्तर प्यायला, आणि तोच प्याला माझ्या आज्याच्या हातात आला. आई म्हणायची, तुझा आजा त्या एका प्याल्यापायी ख्रिस्ती झाला, बाकीचं शास्त्र त्याला नंतर कळलं. आणि तुम्ही परदेशात जाऊन, वाईनला नाक लावून, लाकूड न् चामडं ओळखून, शेवटी आणलंत काय, तर देवळी! चर्चच्या ट्रेमध्ये देवळी आणून बसवताय!"

"सिस्टर, माझा तसा हेतू..."

"त्या देवळीत दोन कप होते, साहेब. एक माझ्या आज्याचा. दुसरा कुणाच्या आज्याचा होता, ते घरी गेलात की जरा आठवून बघा. आपले दोघांचे आजे एकाच गावचे."

पुढची ट्रॉली एकदाची रस्त्यावरून उतरली. भावानं जीप पुढं काढली. साहेबांनी मांडीवरची बाटली खाली पायाशी ठेवली, ती शिरूर येईपर्यंत तिथंच राहिली. पाळकसाहेबांना आम्ही चर्चपाशी सोडलं. ते उतरले, दार लावलं, आणि मग खिडकीशी येऊन मला म्हणाले, "मावशी, मनुका आहेत का घरात, की मी आणून देऊ?" आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण साहेब पुढच्या सीटवर बसलेले असताना ते हे बोलले. माणूस पूर्णच वाया गेलेला नाही, असं मला तेव्हा वाटलं.

वर्धापनदिनाला चर्च भरून गेलं होतं. साहेबांनी माफी मागितली का? छे! कमिटीवाल्यांना ती विद्या अवगत नसते. बाटली त्यांच्या शोकेसमध्ये उभी आहे, परदेशातून आणलेल्या शोभेच्या घंटेच्या शेजारी, आल्या-गेल्याला ज्वालामुखीची गोष्ट सांगायला. पण ट्रे फिरवायचं काम त्यांच्याकडं असतं, आणि त्या दिवशी ते ट्रे घेऊन मागच्या बाकापर्यंत आले. माझ्या भावासमोर उभे राहिले. सगळे कप सारखे, एकाच पातेल्यातला रस. भावानं हाताला आला तो कप उचलला. साहेबांनी शेजारचा उचलला आणि आपल्या जागेवर न जाता तिथंच, मागच्या बाकावर, त्याच्या बाजूला बसले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. बसले मात्र.

"घ्या," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी घेतलं.

नंतर मी मागच्या अंगणात बसले, मोठ्या टोपात गरम पाणी आणि त्यात सगळे कप. भाऊ टॉवेल घेऊन आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"ताई, आज गोडीला जरा कमी पडलंय."

"मनुका आंबट निघाल्या. किराणा दुकानातल्या आहेत, ज्वालामुखीवरच्या नाहीत."

तो हसला आणि पुसायला लागला. मी पाण्यात हात घालून एकेक कप वर काढत होते आणि उगाचच बघत होते, यातला त्याचा कुठला असेल. एकाच्या काठाचा जरा टवका उडाला होता, एकाच्या तळाशी रस राहिला होता. शेवटच्या कपापर्यंत मी बघितलं, पण त्याचा कुठला होता ते काही मला ओळखता आलं नाही.